सात मिनिटांचा रुसवा

माझे थोरले भाऊ तोताराम नाना सात मिनिटांमुळे रुसले. ती सात मिनिटं मी सांभाळत होतो त्या मशीनमुळे झाली, म्हणून ही हकीकत मीच लिहिलेली बरी.

मी निंबा. जळगावच्या तार ऑफिसात तीस वर्षं काढली. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये रिटायर झालो आणि त्याच वर्षी भाद्रपदात माझी बायको वच्छला गेली. सकाळ कशीही जायची. संध्याकाळी मुलगी कुंदा शाळेत शिकवून घरी यायची. पण दुपार जात नव्हती. जळगावातच मेहरूणला अभिमन पाटलाचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे जाऊन बसू लागलो. अभिमनने आधी पंख्याखालची खुर्ची दिली, मग चहा दिला आणि महिनाभराने ई-मेलचं मशीनच माझ्या ताब्यात दिलं. म्हणाला, आप्पा, तुम्ही जन्मभर लोकांचे निरोप पोचवले, हे तेच काम आहे, फक्त सायकल लागत नाही.

मशीन कोपऱ्यात लाकडी स्टुलावर होतं. त्यात लिनक्स होतं. चित्रं नाहीत, काही नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मला ते जमलं. तार ऑफिसातही चित्रं नव्हती.

नाना धुळ्याला देवपुरात राहतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झाली नाही. मी मेल सांभाळतो हे कळल्यावर त्यांनी घराण्याची एक यादी करायची कल्पना काढली. एका पत्त्यावर एक पत्र टाकायचं, मशीन त्याच्या प्रती काढून सगळ्यांना पोचवील. फुलस्केप कागदावर त्यांनी एकेचाळीस घरं लिहून पाठवली. कुटुंबप्रमुखाचं नाव, गाव, ई-मेल. पुणे, नाशिक, सुरत, दोन अमेरिकेत. ज्यांच्याकडे ई-मेल नव्हता त्यांना त्यांनी घ्यायला लावला. मी ती यादी मशीनमध्ये भरली. मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो.

नानांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. त्यांची ई-मेलची पेटी देवपुरातल्याच एका कॉम्प्युटरवाल्याच्या मशीनमध्ये होती. आमचं मशीन सकाळी सहाला, दुपारी एकला आणि संध्याकाळी आठला धुळ्याच्या मशीनला फोन लावायचं आणि टपाल देऊन घेऊन मोकळं व्हायचं. नाना दहा वाजता दुकानात जायचे, पत्राची छापील प्रत घ्यायचे, घरी येऊन तिला भोक पाडायचे आणि फाईलला लावायचे. धाकटा भाऊ झुलाल मात्र मेहरूणलाच राहतो. तळ्याभोवती फेरी मारून तो साडेसहाला क्लासवर यायचा आणि आमच्याच मशीनवर आपली पेटी उघडायचा. अभिमन क्लासच्या मागेच राहतो, त्यामुळे दार उघडं असायचं.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे घरात कोणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. कुंदाचं वच्छला असतानाच पाहिलेलं होतं. मुलगा एदलाबादचा, आता मुक्ताईनगर म्हणतात. त्याचे वडील रतिलालभाऊ केळीवाले, शांत माणूस. तारीख ठरली एकवीस मे. कन्यादानाला जोडपं लागतं. मी एकटा, मला बसता येत नव्हतं. वच्छलाला हे आधीच कळलेलं होतं. दवाखान्यात तिने नानांच्या बायकोचा, धुरपदा वहिनीचा हात धरून सांगितलं होतं की कुंदाला तुम्ही दोघांनी द्यायचं. मी तिथेच उभा होतो. वहिनी हो म्हणाल्या होत्या. त्यामुळे बसतील तर नाना आणि वहिनीच, दुसरं कोणी नाही.

तारीख ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे क्लासवर जाऊन मी यादीवर पत्र टाकलं. मजकूर चार ओळींचा. सात वाजता झुलालने नानांना फोन करून अभिनंदन केलं. नानांना अजून काहीच माहीत नव्हतं. ते कुठल्या गोष्टीचं म्हणाले. झुलालने सांगितलं. नानांनी फोन ठेवला.

दहा वाजता नाना दुकानात गेले आणि पत्राच्या वर ज्या बारीक ओळी असतात, कुठून निघालं, कुठे पोचलं, किती वाजता, त्यांच्यासकट प्रत मागितली. त्या ओळी कोणी वाचत नाही. नानांना त्या आवक-जावक शिक्क्यांसारख्या वाटल्या आणि ते पहिल्याच दिवशी वाचायला शिकले होते. मग त्यांनी झुलालला फोन करून त्याच्या प्रतीवरच्या ओळी वाचून घेतल्या. झुलालच्या पेटीत पत्र पडलं सहा वाजून चार मिनिटांनी. नानांच्या पेटीत सहा वाजून अकरा मिनिटांनी.

नानांनी यादीवर पत्र टाकलं. विषय, विवाहाची तारीख कळवण्यात झालेल्या विलंबाबाबत. आत लिहिलं होतं की कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीस कनिष्ठ व्यक्तीनंतर सात मिनिटांनी कळवण्याचं प्रयोजन समजलं नाही, तरी मुलीच्या पित्याने खुलासा करावा. हे पत्र दुपारी एकच्या फोनला आमच्याकडे आलं आणि लगेच झुलालच्या पेटीत पडलं. नियमाप्रमाणे नानांचीही एक प्रत निघाली, पण तोवर फोन ठेवलेला होता. त्यामुळे नानांना स्वतःची तक्रार संध्याकाळी आठला मिळाली. झुलालनंतर सात तासांनी.

मी धुळ्याला फोन लावला. नाना फोनवर आले नाहीत. वहिनींनी उचलला, त्यांच्यामार्फत नानांचा निरोप आला की जे काय असेल ते मेलवर कळव, माझा नंबर लागेल तेव्हा मला कळेल. वहिनींना मी म्हटलं, तुम्ही तरी समजवा. त्या हो-नाही काही म्हणाल्या नाहीत. माझ्या ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी यादीची फाईल उघडली. अभिमनने ती एबीसीडीप्रमाणे लावून ठेवली होती. मी दोन दुपारी बसून ती मानाप्रमाणे लावली. हे सोपं नाही. सुरतवाले वयाने मोठे, पण नात्याने पुतणे. नाशिकचे दोघं एकाच वर्षी जन्मले आणि आधी कोण यावर त्यांच्यात जुना वाद आहे. असल्या गोष्टी वच्छलाला तोंडपाठ असायच्या. पत्रिका लिहायला बसलो की ती भाजी निवडता निवडता नावं सांगायची आणि मी लिहायचो. मी तीस वर्षं लिहिली आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

नानांना पहिल्या ओळीत घातलं आणि चाचणीचं पत्र टाकलं. तरी झुलालला आधी मिळालं. अभिमन चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभा राहिला आणि त्याने समजावलं की मशीन यादीतला क्रम बघत नाही. ज्यांची पेटी याच मशीनमध्ये आहे त्यांचं आधी उरकतं, कारण त्याला फोन लावावा लागत नाही. मग बाकीच्यांची गावोगावची गाठोडी बांधतं. आधी घरातलं, मग बाहेरचं.

"आप्पा, मशीनला नाती कळत नाहीत," तो म्हणाला.

"मग कळवावी लागतील," मी म्हणालो.

मला एक उपाय सुचला. जेवणाच्या पंगती असतात तशा तीन पंगती करायच्या. पहिल्या पंगतीत एकटे नाना. त्यांना पत्र पोचल्याची नोंद मशीनच्या वहीत आली की मगच दुसरी पंगत बसवायची, ती उठली की तिसरी. अभिमनला हे इतकं आवडलं की त्याने तीन वर्ग रिकामे सोडून माझ्याबरोबर बसून ते लिहून काढलं. जो आदेश दुसरी पंगत सोडतो त्याचं नाव त्याने 'वाढा' असं ठेवलं. बुधवारी चाचणी घेतली. नानांना सहा वाजून दहा मिनिटांनी, झुलालला सहा वाजून बारा मिनिटांनी. अभिमनने माझ्याशी हात मिळवला.

गुरुवारी मी खरं पत्र टाकलं. नानांची माफी मागितली, लग्नाची तारीख पुन्हा कळवली आणि हळद, मांडव, जळगावात उतरण्याची सोय हे सगळं लिहिलं. आता नानांना पहिलं मिळणार होतं आणि वहीत तसं दिसणार होतं.

सहाला मशीनने धुळ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. एकला वाजत राहिली. आठला वाजत राहिली. शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. शेवटी कळलं की देवपुरातला कॉम्प्युटरवाला मेहुणीच्या लग्नाला गेला आहे आणि जाताना मेन स्विच बंद करून गेला आहे. लग्नसराई होती. पहिली पंगत पानावर बसलेलीच होती आणि तिच्या मागे चाळीस घरं ताटकळत होती.

मी म्हटलं, थांबू. अभिमन म्हणाला, आप्पा, नानांना वगळून 'वाढा' म्हणून टाका, एक बटण आहे. मी नाही म्हणालो. एकदा सात मिनिटं झाली होती, आता चार दिवस झाले असते.

पण यादी गप्प पडली तसे लोक बोलू लागले. आधी नानांची तक्रार सगळ्यांनी वाचलेली होती, मग चाचण्या, मग काहीच नाही. सुरतहून फोन आला की लग्न आहे ना. पुण्याहून फोन आला की आम्ही रजा टाकू की नको. अमेरिकेतल्या एकाने तर कुंदाला समजुतीचं पत्र पाठवलं की होतं असं कधीकधी, मन खचू देऊ नकोस. कुंदाने ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, माझं काय झालं आहे?"

रविवारी सकाळी रतिलालभाऊ स्वतः आले. त्यांना मी यादीत नंतर घेतलं होतं आणि वयाने लहान म्हणून तिसऱ्या पंगतीत बसवलं होतं. व्याही तिसऱ्या पंगतीत. हे मी आज लिहितो तेव्हाही कान गरम होतात. ते पाणी प्यायले, घराकडे बघितलं, वच्छलाच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले की आमच्याकडे कानावर आलं, नाना बसणार नाहीत म्हणून. आमचं काही म्हणणं नाही, पण घरातली मंडळी विचारतात.

"कन्यादानाला कोण बसणार, तेवढं या आठवड्यात सांगा," ते म्हणाले. एवढंच. आवाजही चढवला नाही. मी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेलो आणि तिथूनच धुळ्याची एसटी पकडली. खिशात गुरुवारच्या पत्राची छापील प्रत होती.

नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला बघून पेपर खाली घेतला नाही. मी वाकून पाया पडलो आणि प्रत पुढे केली. त्यांनी ती घेतली, आधी वरच्या बारीक ओळी शोधल्या. मी म्हटलं, हिला ओळी नाहीत, ही मी हाताने आणली. नाना म्हणाले, "म्हणजे आवक नाही."

मग मी त्यांना पंगतींचं सगळं समजावलं. कागदावर काढून दाखवलं. पहिल्या पंगतीत तुम्ही एकटे, तुम्हाला पोचल्याशिवाय जगात कोणाला काही मिळत नाही, गुरुवारपासून चाळीस घरं तुमच्यासाठी उपाशी आहेत. नानांनी तो कागद दोनदा बघितला. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, कारण त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. जेवायला या म्हणाल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, वांग्याची भाजी होती. नाना आणि मी बसलो. वहिनी चुलीपाशी बसून भाकरी टाकत होत्या. आमच्याकडे बघितलं नाही.

"निंबा, तुनी यादीमा एक तरी बाई शे का?"

मी घास हातात घेऊन विचार केला. एकेचाळीस घरं. रतिलालभाऊ धरून बेचाळीस. मी ती नावं इतके दिवस वर-खाली केली होती, मला ती पाठ झाली होती. एकही नव्हती. मी म्हटलं, वहिनी, यादी नानांनी केली. नाना म्हणाले, कुटुंबप्रमुख असा रकाना होता.

"मंग कन्यादानले नाना एकलाच बठतीन का?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी भाकरी उलटली आणि मग शांतपणे सांगायला सुरुवात केली. वच्छला असताना कुठलीही गोष्ट ठरली, बारसं असो, साखरपुडा असो, की ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने धुळ्याला यायची. मला वाटायचं ती बाजाराला जाते. ती या उंबऱ्यावर बसून आधी वहिनींना सांगायची. कोणाला कधी सांगायचं, कोण कोणावर रागावलं आहे, कोणाला आधी फोन केला तर दुसरा येणार नाही, हे दोघी इथे ठरवायच्या. मग वहिनी सुरतला कळवायच्या, सुरतची नाशिकला. पत्रिका आठ दिवसांनी निघायची, तोवर सगळ्या घरांत सगळं माहीत झालेलं असायचं. पत्रिकेवर कोण आधी, कोण नंतर, याला काही अर्थ नसायचा.

नाना म्हणाले, मला तर नेहमी निंबाचा पहिला निरोप यायचा. वहिनी म्हणाल्या की तो निरोप यायचा त्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांनी नानांना विचारलेलं असायचं की निंबाकडे असं असं झालं तर तुमचं काय मत. नाना मत द्यायचे. मग निरोप यायचा आणि तो बरोबर त्यांच्या मताप्रमाणे असायचा.

नाना जेवायचे थांबले. तीस वर्षं ते दुसरे होते, हे त्यांना भाकरीबरोबर कळलं.

"वच्छलाने हात धरला तो माझा," वहिनी म्हणाल्या. हे त्या आमच्या शहरी भाषेत म्हणाल्या, जोर द्यायचा असला की त्या तसं बोलतात. मग पुन्हा आपल्या बोलीवर आल्या. "बठ्ठासले सांगं, माले नही." सगळ्यांना सांगितलं, त्यांनाच नाही.

मी हात धुतले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या. मी म्हटलं, वहिनी, कुंदाचं लग्न ठरलं. मुलगा एदलाबादचा. तारीख एकवीस मे. त्यांनी विचारलं, वार कोणता. मी सांगितलं शुक्रवार. विचारलं, मुलगा काय करतो. माणसं कशी आहेत. किती बहिणी. सगळं त्यांना माहीत होतं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. वच्छला इथे बसून हे सांगायची तेव्हा ती डोक्यावरचा पदर काढायची की नाही, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं. विचारलं नाही.

शेवटी मी म्हटलं, तुम्ही आणि नानांनी बसायचं आहे. वहिनी म्हणाल्या, ते ठरलेलंच आहे. नाना बाहेरच्या खोलीतून म्हणाले की माझी काही हरकत नाही. त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वहिनींनी सुरतला आणि नाशिकला फोन केले. रतिलालभाऊंच्या बायकोशी त्या बराच वेळ बोलल्या, काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण मुक्ताईनगरहून परत कोणी विचारायला आलं नाही. मी निघताना त्यांनी विचारलं की तुझं ते मशीन कोणाला विचारून पत्रं सोडतं. मी म्हटलं, कोणालाच नाही, टाकलं की जातं. त्या म्हणाल्या, तसं कसं.

एसटीत बसल्यावर मला आठवलं. यादीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ आहे. तिच्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. ते 'होय' केलं की यादीवर आलेलं प्रत्येक पत्र आधी एका माणसापुढे जातं, त्याने होकार दिला तरच पुढे जातं. ती ओळ मी तीनदा वाचून सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही पंगती मोडल्या. अभिमनला वाईट वाटलं, 'वाढा' त्याचा लाडका होता. त्या ओळीपुढे 'होय' केलं आणि नाव धुरपदाबाई घातलं. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून रोज अकरा वाजता मी क्लासवरून धुळ्याला फोन करायचो आणि आलेली पत्रं वाचून दाखवायचो. त्या 'जाऊ दे' म्हणाल्या की मी बटण दाबायचो. 'ठेव' म्हणाल्या की ठेवायचो. पहिल्याच आठवड्यात नानांचं एक पत्र आलं, वऱ्हाडी मंडळींसाठी चौदा सूचना, त्यातली नववी चपला कुठे काढाव्यात याबद्दल. मी ते वहिनींना वाचून दाखवलं. नाना पलीकडे त्याच खोलीत होते, खोकल्याचा आवाज येत होता.

"ठेव," वहिनी म्हणाल्या.

लग्न नीट झालं. नाना आणि वहिनी बसले. नानांनी नवं धोतर नेसलं होतं आणि गुरुजींना दोनदा वेळ विचारली. मला कोणीतरी अक्षतांचं ताट धरायला दिलं होतं, ते मी धरून उभा राहिलो. वहिनींनी कुंदाचा हात धरला तेव्हा मी ताटाकडे बघत होतो. संध्याकाळी पाचला कुंदा मुक्ताईनगरला निघाली.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी चालत क्लासवर गेलो आणि पत्र लिहिलं. कुंदाचं लग्न पार पडलं, आपण सगळे आलात, आभार. तीन ओळी. नाना आणि वहिनी माझ्याच घरी होते, म्हणून घरी फोन लावून वहिनींना वाचून दाखवलं.

"पोर पोचनी का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून फोन आला नाही.

"मंग ठेव."

मी ठेवलं. आठला मशीनने धुळ्याला फोन लावला, टपाल दिलं घेतलं आणि बंद केलं. आमचं पत्र त्यात नव्हतं. अभिमन चहा घेऊन आला आणि शेजारी बसला. साडेआठच्या सुमारास घरून वहिनींचा फोन आला. रतिलालभाऊंच्या बायकोने कळवलं होतं, मुलगी पोचली, उंबरा ओलांडला, जेवायला बसली आहे.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या.

मी बटण दाबलं. झुलालला लगेच मिळालं. नानांना चौथ्या दिवशी धुळ्याला परत गेल्यावर मिळालं. त्यांनी ते भोक पाडून फाईलला लावलं. वेळेबद्दल त्यांच्याकडून काही लिहून आलं नाही.